व्हिसा कोणता घ्यावा, कागद कोणते जोडावेत : वाचकांचे प्रश्न

परदेशप्रवासाच्या तयारीविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे व्हिसाबद्दलची आहेत. त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांमागे असा समज दिसतो की कागदांची यादी पुरी केली की व्हिसा मिळतो. प्रत्यक्षात अर्ज तपासणारा अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी पाहत असतो : तुम्ही कशासाठी जाणार, खर्च कोण करणार आणि परत कशासाठी येणार. जोडलेले कागद या तीन उत्तरांना दुजोरा देतात की छेद देतात, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. पुढे दिलेली शुल्के आणि मुदती बदलू शकतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्यांची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी व नऊ वर्षांची मुलगी मे महिन्यात अकरा रात्रींसाठी युरोपला जाणार आहोत. इटलीत चार, स्वित्झर्लंडमध्ये चार आणि फ्रान्समध्ये तीन रात्री असा बेत असून, रोमला उतरून पॅरिसहून परतायचे आहे. सहल आखून देणाऱ्यांचे म्हणणे असे की ज्या देशाची तारीख लवकर मिळेल तिथे अर्ज टाकावा, व्हिसा एकदा मिळाला की सगळीकडे चालतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्यातला दुसरा भाग बरोबर आहे, पहिला चुकीचा आहे. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सध्या २९ देश आहेत आणि एका देशाने दिलेला अल्पमुदतीचा व्हिसा, म्हणजे ‘सी’ प्रकारचा, सर्वसाधारणपणे सर्व देशांत चालतो. परंतु अर्ज कुठे करायचा हे तारखेच्या उपलब्धतेवर ठरत नाही. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो आणि मुक्काम समसमान असेल तर ज्या देशातून शेंगेन क्षेत्रात प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. तुमच्या बेतात इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या रात्री सारख्या आहेत आणि विमान रोमला उतरते आहे. तेव्हा अर्ज इटलीकडे जायला हवा. तारीख लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाच्या हॉटेलांची आरक्षणे दाखवायची आणि व्हिसा हातात पडला की ती रद्द करायची, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. विमानतळावरचा अधिकारी हॉटेलांची आरक्षणे मागू शकतो आणि कारण पटले नाही तर प्रवेशही नाकारू शकतो. खरोखरच इटलीची तारीख मिळत नसेल, तर कागदावरचा बेत बदलण्याऐवजी प्रत्यक्षातला बेत बदलावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. मे महिन्याच्या सहलीसाठी फेब्रुवारीत हालचाल सुरू केलेली बरी. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो शुल्क आहे, त्याशिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. हे केंद्र खाजगी कंपनी चालवते. बहुतेक देशांसाठी व्हीएफएस ग्लोबल, स्पेनसाठी बीएलएस. तिथे कागद आणि बोटांचे ठसे घेतात, निर्णय मात्र वकिलातच करते, त्यामुळे केंद्रातल्या कर्मचाऱ्याला ‘मिळेल ना?’ असे विचारण्यात अर्थ नाही. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. तुमचे ठसे एकदा दिले की पुढील ५९ महिन्यांतल्या अर्जांसाठी ते सहसा पुन्हा वापरता येतात.

कागदपत्रांपैकी पासपोर्टबद्दलचा नियम नीट वाचावा : तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी लागतो. नोकरदारांनी रजामंजुरीचे पत्र, व्यावसायिकांनी शॉप अ‍ॅक्ट वा जीएसटी नोंदणीचे कागद, दोघांनीही बँकेचे खातेउतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे जोडावीत. मुलीच्या शाळेचे पत्रही घ्यावे. सोबत एका पानाचे निवेदन द्यावे, ज्यात कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, एका शहरातून दुसऱ्या शहरात कसे जाणार आणि खर्च कोणाच्या खात्यातून होणार, हे सरळ लिहिलेले असेल. या निवेदनातली तारीख हॉटेलच्या आरक्षणात, विमा पत्रात आणि रजेच्या पत्रात तीच असायला हवी. रजा १२ मेपासून आणि विमान ११ मेच्या पहाटेचे, अशी तफावत पाहणाऱ्याच्या नजरेत चटकन भरते.

व्हिसा आला की स्टिकर वाचायला शिका. त्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात आणि खाली मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. समजा तारखा १० मे ते ६ जून अशा आहेत आणि दिवस १२ आहेत. तर त्या चार आठवड्यांत केव्हाही जा, राहायचे मात्र बाराच दिवस, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. प्रवेश किती वेळा करता येईल हेही तिथेच असते. ‘०१’ लिहिले असेल आणि मध्येच लंडनला फेरी मारून परत पॅरिसला यायचे ठरवले असेल, तर तो बेत सोडून द्यावा, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि त्याचा व्हिसाही वेगळा लागतो. युरोपीय संघात असूनही आयर्लंड आणि सायप्रस या क्षेत्राबाहेर आहेत. उलट स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नसूनही आत आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरच्या शिक्क्यांची जागा संगणकीय नोंद घेऊ लागली आहे, त्यामुळे जास्त राहिलेला एक दिवसही आता नजरेतून सुटणार नाही.

प्रश्न : ‘व्हिसा ऑन अरायव्हल’, ‘ई-व्हिसा’ आणि ‘व्हिसा-फ्री’ यांत नेमका फरक काय? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : व्हिसा-फ्री म्हणजे ठरावीक दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, ऑन अरायव्हल म्हणजे तो तिथल्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो, उदाहरणार्थ मालदीवमध्ये, आणि ई-व्हिसा घरूनच संगणकावर अर्ज करून, निघण्यापूर्वी मिळवायचा असतो. पहिल्या दोन प्रकारांत कागद लागत नाहीत असे समजू नये. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि पुरेसे पैसे यांची विचारणा होऊ शकते, आणि पासपोर्ट सहा महिने वैध हवा ही अट अनेक देशांत असते. नेपाळ आणि भूतान येथे भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टऐवजी निवडणूक ओळखपत्रही चालते. ई-व्हिसाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका बनावट संकेतस्थळांचा आहे. शोध घेतल्यावर वर दिसणारे पहिले पान सरकारीच असेल असे नाही. ते बहुधा दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या मध्यस्थाचे असते. पत्ता तपासूनच कार्डाचा क्रमांक टाकावा.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत आहेत. जूनमध्ये तिचे बाळंतपण आहे, म्हणून आम्ही दोघांनी जायचे ठरवले आहे. मी द्राक्षबागायतदार आहे, बेदाणा करतो. प्राप्तिकर विवरणपत्र कधी भरलेले नाही. इंग्रजी बोलता येत नाही. मुलगी म्हणते, फॉर्म मीच भरते, तुम्ही फक्त मुंबईला जाऊन या. गावात सांगतात की शेतकऱ्याला अमेरिकेचा व्हिसा देत नाहीत. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : शेतकऱ्याला देत नाहीत असा कोणताही नियम नाही. तुम्हाला लागणारा व्हिसा बी-१/बी-२ या प्रकारातला आहे. त्यातला बी-२ हा पर्यटन, वैद्यकीय उपचार आणि नातेवाइकांची भेट यांसाठी असतो. अमेरिकेच्या कायद्यातील कलम २१४ (बी) प्रमाणे या प्रकारचा प्रत्येक अर्जदार तिथे कायमचा राहायलाच येतो आहे असे आधी गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. म्हणजे तुम्ही इथे कशाने बांधलेले आहात, हा खरा प्रश्न आहे, आणि बागायतदाराइतका बांधलेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तुम्हाला थोडी उसंत मिळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीला तुम्ही बागेत हवेच असता. ‘जूनच्या सुरुवातीला जाणार, ऑगस्टअखेर परत येणार, कारण त्यानंतर छाटणी आहे’ हे उत्तर खरे आहे, साधे आहे आणि कोणत्याही पढवलेल्या उत्तरापेक्षा भक्कम आहे.

आता फॉर्मविषयी. डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि मुलीने तो भरायला हरकत नाही. मात्र तो पाठवण्यापूर्वी तिच्याकडून एकेक उत्तर मराठीत समजून घ्या. परदेशातली मुले घाईघाईने वडिलांच्या व्यवसायापुढे ‘निवृत्त’ आणि आईपुढे ‘गृहिणी’ असे लिहून टाकतात. मग अधिकारी विचारतो, ‘निवृत्त कुठून झालात?’ आणि आयुष्यभर बागेत राबलेला माणूस गोंधळून जातो. व्यवसाय शेती, असेच लिहावे. पत्नी बागेत काम करत असतील, सातबाऱ्यावर त्यांचे नाव असेल, तर त्यांचाही व्यवसाय शेतीच. अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांची खातीही विचारतात. फेसबुक वापरत असाल तर ते लिहावे. मुलीचा आणि जावयाचा तिथला व्हिसा कोणता, जावई कोणत्या कंपनीत काय काम करतात, ते कोणत्या शहरात राहतात, एवढे तुम्हा दोघांनाही माहीत असायला हवे.

शुल्क प्रत्येकी १८५ डॉलर असून नकार आला तरी ते परत मिळत नाही. प्रक्रियेत दोन भेटी असतात : एका ठिकाणी ठसे आणि छायाचित्र, आणि त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत. ७९ वर्षांवरील व्यक्तींना पूर्वी असलेली मुलाखतीची सरसकट सूट सप्टेंबर २०२५ मध्ये काढून घेण्यात आली, त्यामुळे वयाच्या आधारावर सवलतीची अपेक्षा ठेवू नये. मुंबईत मराठीतून मुलाखत देता येते; मोडकेतोडके इंग्रजी बोलण्यापेक्षा सुरुवातीलाच मराठीत बोलायचे आहे असे सांगावे. मुलाखत बहुधा काही मिनिटांचीच असते आणि अनेकदा अधिकारी एकही कागद मागत नाही. तरी फाईल तयार ठेवावी : सातबारा आणि आठ-अ, बेदाणा सौद्याच्या पट्ट्या, ज्या खात्यात हे पैसे जमा होतात त्या बँकेचा उतारा, आणि शेती उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने विवरणपत्र भरलेले नाही अशा अर्थाचे छोटे निवेदन. पट्टीवरची रक्कम आणि खात्यातली जमा जुळत असेल, तर उत्पन्नाचा याहून स्वच्छ पुरावा नाही. खर्च जावई करणार असतील तर तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही.

‘कशासाठी जाता?’ या प्रश्नावर काही एजंट ‘फिरायला’ असे सांगायला शिकवतात. तसे करू नका. मुलीचे बाळंतपण आहे, तिला भेटायला आणि नातवंड पाहायला जातो आहोत, हे सांगायला संकोच कसला? तिथे पगार घेऊन काम करणे, दुसऱ्यांची मुले पैसे घेऊन सांभाळणे, हे या व्हिसावर चालत नाही. त्याच्याशी तुमचा संबंध नाही.

व्हिसा मिळाला तर तो बहुधा दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा असतो. त्याचा अर्थ दहा वर्षे राहता येते असा नव्हे. किती दिवस राहायचे हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. साधारणपणे सहा महिने देतात. पोहोचल्यावर मुलीकडून ही नोंद ऑनलाइन काढून घेऊन तारीख पाहावी. विमा सक्तीचा नसला तरी तो घेतल्यावाचून जाऊ नये. मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार त्यात कितपत येतात ते पॉलिसीत वाचून घ्यावे, कारण तिथला रुग्णालयाचा खर्च आपल्या हिशोबात बसणारा नसतो.

प्रश्न : डिसेंबरमध्ये माझे लग्न झाले. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. आधी दुबई आणि नंतर युरोपला जायचे आहे. नाव बदलल्याशिवाय पतीबरोबर व्हिसा मिळेल का? सासऱ्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्याने अडचण येईल का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही आणि व्हिसासाठीही तशी अट नाही. अट एवढीच की पासपोर्ट, तिकीट, विमा आणि व्हिसा अर्ज या चारही ठिकाणी अक्षरन् अक्षर तेच नाव असावे. पतीशी असलेले नाते विवाह नोंदणीच्या दाखल्याने सिद्ध होते. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार तो ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेतून मिळतो. दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि काही घरांत पहिलेही नाव बदलतात. मग आधार एका नावाचे, पॅन दुसऱ्या नावाचे आणि बँकेचे खाते तिसऱ्याच, अशी स्थिती होते. नाव बदलायचेच असेल तर सगळीकडे बदलून मग पासपोर्ट करावा, आणि नाही तर प्रवास होईपर्यंत काहीच बदलू नये. अर्धवट बदल सर्वांत त्रासदायक ठरतो.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र वेळीच लक्ष घाला. पासपोर्टवर केवळ एकच शब्द नाव म्हणून असेल, तर संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर अशा प्रवाशांना मज्जाव केला आहे; दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास सवलत मिळते. पहिले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे सगळेच ‘दिलेले नाव’ या एका रकान्यात छापले असेल, तर ही बंदी लागू होत नाही. परंतु इतर देशांच्या अर्जांत गोंधळ होत राहतो. अमेरिकेच्या व्हिसावर तर अशा वेळी पासपोर्टवरचे पूर्ण नावच आडनाव म्हणून धरतात आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, असे छापून येते. पासपोर्ट पुन्हा काढून आडनाव वेगळे करून घेणे हाच खरा उपाय.

प्रश्न : मी नववीपर्यंत शिकलो आहे. एजंट म्हणतो, व्हिजिट व्हिसावर दुबईला चल, तिथे गेल्यावर कंपनी नोकरीचा व्हिसा करून देते. सत्तर हजार मागतो. गावातले दोघे असेच गेले. जावे का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : जाऊ नये. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे. पकडले गेल्यास दंड आणि परत पाठवणी तुमची होते, एजंटाची नव्हे. कंपनीने पुढे व्हिसा केला नाही आणि मुदत उलटली, तर दर दिवशी ५० दिरहम दंड चढत जातो. पगार थकला तर तक्रार कोणत्या आधारावर करणार? करारच नसतो.

दहावी उत्तीर्ण नसल्यामुळे तुमच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असेल. त्याचा अर्थ, आखाती देश धरून १८ देशांत नोकरीसाठी जाताना तुम्हाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारची मंजुरी घ्यावी लागते. अनेकांना हा अडथळा वाटतो आणि तो टाळण्यासाठीच एजंट व्हिजिट व्हिसाचा मार्ग सुचवतो. प्रत्यक्षात ही मंजुरी घेताना कंपनीचे नाव, पगार आणि करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी प्रणालीत नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेखाली दहा लाखांचा अपघाती विमा मिळतो. भरती करणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना असावा लागतो. त्याचा क्रमांक मागा आणि ‘ई-मायग्रेट’वर स्वतः तपासा. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी आहे, तीही पावती देऊन. सत्तर हजार हा आकडाच पुरेसा बोलका आहे. रत्नागिरी-रायगडातली कित्येक घरे आखाती पगारावर उभी राहिली आहेत, तेव्हा दुबईला जाण्याविषयी माझे काही म्हणणे नाही. नोकरीला जायचे तर नोकरीच्या व्हिसावर जा.

प्रश्न : मेक्सिकोला जाताना अमेरिकेत फक्त विमान बदलायचे आहे, विमानतळाबाहेर पडणार नाही. तरी व्हिसा लागतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : लागतो. अमेरिकेच्या विमानतळांवर नुसते विमान बदलण्यासाठीही प्रवेश तपासणीतून जावे लागते, त्यामुळे आधीच बी-१/बी-२ सारखा व्हिसा नसेल तर सी-१ हा पारगमन व्हिसा घ्यावा लागतो. इतर देशांचे नियम वेगवेगळे आहेत. तिकीट स्वस्त दिसले तरी ते काढण्यापूर्वी मधल्या विमानतळाचा नियम पाहावा.

प्रश्न : माझा शेंगेन व्हिसा नाकारला गेला. ‘प्रवासाचा हेतू व मुक्कामाच्या अटी यांबाबतची माहिती विश्वासार्ह नाही’ या कारणापुढे खूण होती. मी अर्जाच्या आठवड्यात वडिलांकडून पाच लाख घेऊन खात्यात भरले होते आणि एजंटाने डमी तिकीट दिले होते. पुढच्या अर्जात हा नकार लपवावा, असे मित्र सुचवतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मित्रांचा सल्ला घातक आहे. शेंगेन देशांची व्हिसा-नोंद सामायिक असून ती पाच वर्षांपर्यंत ठेवली जाते. तिथे लपवण्याजोगे काही उरत नाही. ब्रिटनच्या अर्जात इतर देशांनी दिलेल्या नकारांचीही विचारणा होते आणि खोटी माहिती दिल्याचे ठरले तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. नकारामुळे पुढचे दार आपोआप बंद होत नाही. तो लिहावा आणि दोन ओळींत कारण द्यावे.

वडिलांकडून पैसे घेतले यात गैर काहीच नव्हते. चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास फिरणाऱ्या खात्यात एकाएकी पाच लाख दिसले आणि त्यांचा उगम कुठेच सांगितलेला नव्हता, हे मात्र खटकणारच. वडील खर्च करणार असतील तर पैसे त्यांच्याच खात्यात राहू द्यावेत, त्यांचे पत्र, त्यांचा खातेउतारा आणि नात्याचा पुरावा जोडावा. डमी तिकिटाचेही तसेच. व्हिसा मिळण्यापूर्वी पूर्ण पैसे भरून तिकीट काढा असे वकिलाती सांगत नाहीत, आरक्षण पुरते. पण ते आरक्षण खरे, विमान कंपनीकडे तपासता येणारे असावे. संगणकावर रचलेला कागद म्हणजे बनावट दस्तऐवज, आणि अर्जावर सही तुमची असते.

नकाराविरुद्ध अपील करता येते; त्याची मुदत आणि पद्धत देशागणिक वेगळी असून ती नकारपत्रातच दिलेली असते. कागदपत्रे पूर्ण असूनही अधिकाऱ्याने काही चुकीचे वाचले असे वाटत असेल तर अपील करावे. तुमच्या बाबतीत मूळ अर्जच कच्चा होता, त्यामुळे नव्याने नीट अर्ज करणे श्रेयस्कर. मध्ये तीन-चार महिने जाऊ द्या, म्हणजे खातेउताऱ्यात तुमचा नेहमीचा व्यवहार दिसेल. एकदा व्हिसा मिळून तो नियमाप्रमाणे वापरला गेला की पुढचा मार्ग सोपा होतो : एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरणाऱ्या भारतीय रहिवाशांना दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो.

प्रश्न : मुलाला जर्मनीत एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे, पण विद्यार्थी व्हिसाची तारीख मिळत नाही. सत्र बुडू नये म्हणून पर्यटन व्हिसावर पाठवून तिथे गेल्यावर बदलून घेता येईल का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. पर्यटनाचा ‘सी’ व्हिसा घेऊन गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला तिथे तो शिक्षणाच्या परवान्यात सर्वसाधारणपणे बदलून मिळत नाही. परत येऊन ‘डी’ प्रकारच्या राष्ट्रीय व्हिसासाठी अर्ज करावा लागतो आणि हेतू लपवून प्रवेश केल्याची नोंद मात्र मागे राहते. तारखेची वाट पाहताना बाकीची तयारी पुरी करून ठेवा. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे पडताळल्याचा दाखला, लागतो आणि त्याला वेळ जातो. बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ या हिशोबाने. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर ती रक्कम वितरित व्हायला बँकेत लागणारा काळही धरून चाला. उशिरा हजर होण्याची परवानगी मिळेल का, किंवा प्रवेश पुढच्या सत्रात नेता येईल का, हे मुलाने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेलने आजच विचारावे आणि आलेले उत्तर व्हिसाच्या फाईलला जोडावे.